प्रश्न वाचकांचे : घरचे नेट संथ का चालते?

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांचा शेवट एकाच प्रश्नाने झाला आहे : "आता मोठा प्लॅन घ्यावा का?" माझे उत्तर बहुतेकांना "नाही, निदान आत्ताच नाही" असे आहे. वावरात पाणी कमी आले तर आपण लगेच धरणाला दोष देत नाही. आधी आपली चारी बघतो, मग वितरिका आणि शेवटी कालवा. घरच्या नेटचेही असेच तीन टप्पे असतात : आपल्या मोबाइलपासून किंवा संगणकापासून राउटरपर्यंतचा पहिला, राउटरपासून सेवा देणाऱ्याच्या केंद्रापर्यंतचा दुसरा, आणि तिथून मुंबईकडे किंवा आणखी पुढे जाणारा तिसरा. शिवाय किती पाणी येते ही एक गोष्ट आहे आणि दार उघडल्यावर ते किती वेळाने पोहोचते ही दुसरी. पहिलीला आपण स्पीड म्हणतो. दुसरीला लेटन्सी किंवा बोलण्यात पिंग. पुढील उत्तरे वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा, ही विनंती.

प्रश्न : मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. माझा प्लॅन ५० एमबीपीएसचा असून स्पीड टेस्टमध्ये ४५ ते ४८ असा आकडा येतो. सकाळी आठ वाजता सर्व सुरळीत असते, पण अकरानंतर गर्दी झाली की पोर्टल उघडत नाही, ओटीपी भरेपर्यंत पान बंद पडते आणि अंगठ्याची पडताळणी दोन-तीनदा करावी लागते. लोक ताटकळत बसतात. सेवा देणारे १०० चा प्लॅन घ्या म्हणतात. घ्यावा का?
— केंद्रचालक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या पत्रातच अर्धे निदान आहे. स्पीड टेस्टचा आकडा चांगला आहे आणि काम अडते, याचा अर्थ अडचण बहुधा स्पीडची नसून लेटन्सीची आहे. पोर्टलचे एक पान उघडण्यासाठी आपला संगणक आणि सर्व्हर यांच्यात अनेक फेऱ्या होतात. एक फेरी ३० मिलिसेकंदांची असेल तर पान चटकन उघडते, तीच फेरी ८०० मिलिसेकंदांची झाली की तेच पान पंधरा-वीस सेकंद घेते, मग आपला प्लॅन ५० चा असो की ५०० चा.

आधी एक शंका दूर करावी. कधीकधी सरकारी सर्व्हरच गर्दीने दमलेला असतो. पोर्टल अडकले की त्याच क्षणी मोबाइलच्या स्वतंत्र डेटावर तेच पान उघडून बघावे. तिथेही अडकत असेल तर आपल्या लाइनीत दोष नाही आणि पैसे खर्चून तो सुटणारही नाही. मोबाइलवर उघडत असेल तर पुढे वाचावे.

संगणक केबलने राउटरला जोडावा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून कळफलकावर इंग्रजी अक्षरांत 'पिंग' लिहावे, जागा सोडून राउटरचा पत्ता द्यावा (तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो), पुन्हा जागा सोडून वजाचे चिन्ह आणि 'टी' हे अक्षर टाकावे. त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्यावर तसाच पिंग लावावा. पहिल्या खिडकीतील आकडा केबलवर एक मिलिसेकंद किंवा त्याहून कमी राहिला पाहिजे. दुसऱ्या खिडकीत आपल्या भागातून चांगल्या फायबरवर साधारण १५ ते ४० दिसणे योग्य आहे. या दोन खिडक्या सकाळी आठला पाच मिनिटे आणि बाराला पाच मिनिटे चालू ठेवाव्यात.

मी गेल्या वर्षी अशाच एका केंद्रात सकाळपासून बसून होतो. दुसऱ्या खिडकीत २४, २६, २३, २५ अशा ओळी शांतपणे सरकत होत्या. साडेअकराच्या सुमारास बाकावर आठ-दहा माणसे बसली आणि ओळी बदलल्या : ६१०, ८४०, १२००, मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. राउटरची खिडकी मात्र एक मिलिसेकंदावरच होती. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली, तर त्यात चौदा मोबाइल निघाले. वायफायचा पासवर्ड भिंतीवर लिहिलेला होता. लोक बसल्या बसल्या व्हिडिओ पाठवत होते आणि काहींच्या मोबाइलमधील फोटो आपोआप क्लाउडवर चढत होते. त्यात भर म्हणून केंद्राचे चार कॅमेरे दिवसभर चित्रण बाहेर पाठवत होते.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अनेक प्लॅनमध्ये, विशेषतः रेडिओच्या आणि जुन्या तांब्याच्या जोडण्यांमध्ये, अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा पुष्कळ कमी असतो. समजा तो ४ एमबीपीएस आहे आणि राउटरमध्ये किंवा मोडेममध्ये रांगेसाठी १ मेगाबाइट जागा ठेवली आहे. १ मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट. ४ च्या वेगाने ती रांग रिकामी व्हायला २ सेकंद लागतात. कोणाचा तरी व्हिडिओ ती रांग भरून टाकतो आणि आपल्या अंगठ्याच्या पडताळणीची इवलीशी चिठ्ठी त्या सगळ्याच्या मागे दोन सेकंद उभी राहते. या रोगाला 'बफरब्लोट' असे नाव २०१० च्या सुमारास जिम गेटिस या अभियंत्याने लोकांसमोर आणले आणि २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी त्यावर 'कोडेल' ही रांग आवरण्याची पद्धत मांडली. आज अनेक राउटरांत ती किंवा तिच्यावर बेतलेली 'एफक्यू-कोडेल' आणि 'केक' या नावांची सोय मिळते. ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली चालणाऱ्या राउटरांत ती एसक्यूएम या नावाने असते.

आपण पुढील क्रमाने जावे, असे मला वाटते. प्रथम पासवर्ड बदलावा आणि लोकांसाठी 'गेस्ट' नावाचे वेगळे वायफाय ठेवून त्याला वेगाची मर्यादा घालावी. कॅमेऱ्यांचे चित्रण क्लाउडऐवजी केंद्रातल्याच पेटीत साठवावे. एवढ्याने काम झाले नाही, तर एसक्यूएम असलेला राउटर घेऊन त्यात अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९० टक्के, म्हणजे ४ असेल तर सुमारे ३.५ एमबीपीएस, अशी ठेवावी. वेग थोडा सोडून दिल्याने रांग सेवा देणाऱ्याच्या यंत्रात न साठता आपल्या राउटरच्या ताब्यात राहते आणि तो लहान चिठ्ठ्यांना पुढे जाऊ देतो. १०० च्या प्लॅनमध्ये अपलोड किती वाढते, हे लेखी विचारल्याशिवाय तो घेऊ नये. अपलोड तेवढेच राहणार असेल, तर आपली रांगही तेवढीच राहील.

प्रश्न : माझा प्लॅन ४० एमबीपीएसचा आहे, पण फाइल उतरवताना ५ च्या वर आकडा कधीच जात नाही. ही फसवणूक नाही का?
— निवृत्त तलाठी, समुद्रपूर तालुका, जि. वर्धा

उत्तर : नाही, आपल्याला पूर्ण वेग मिळतो आहे. प्लॅन मेगाबिटमध्ये विकला जातो आणि फाइल उतरवणारा प्रोग्राम मेगाबाइटमध्ये आकडा दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून ४० ला ८ ने भागले की ५ येतात. आपण एवढ्या बारकाईने आकडा पाहिला याचे मला समाधान वाटले. बहुतेक लोक न मोजताच तक्रार करतात.

प्रश्न : आमचे घर जुने आहे. ओसरीत राउटर बसवला आहे, तिथे नेट जोरात चालते. माजघर ओलांडून मागच्या खोलीत, जिथे मुलगी अभ्यास करते, तिथे व्हिडिओ सतत थांबतो. गावातील दुकानदाराने 'रिपीटर' घ्यायला सांगितले. तो घेतला तरी फरक पडला नाही. उलट तिचा ऑनलाइन वर्ग जास्तच तुटतो.
— संत्रा बागायतदार, वरुड तालुका, जि. अमरावती

उत्तर : आपल्या घराच्या भिंती मातीच्या आणि दीड-दोन फूट जाडीच्या असाव्यात, असे मी गृहीत धरतो. अशी भिंत उन्हाळ्यात घर गार ठेवते, पण वायफायच्या लहरींना ती फार जड जाते आणि पावसाळ्यात ओल धरल्यावर आणखीच. मधल्या माजघरात धान्याची लोखंडी कोठी किंवा पत्र्याचे कपाट असेल तर लहरी तिथेच अडतात.

बहुतेक घरगुती राउटरांत वायफायचे दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीतून बऱ्यापैकी जातो, पण त्याचा वेग कमी असतो आणि त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत : १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानणारा. बाहेर शेतात घर असेल तर शेजाऱ्यांच्या वायफायचा त्रास नसतो. गावठाणात मात्र चॅनेल बदलून पाहणे उपयोगी ठरते.

रिपीटरबद्दल माझे मत स्पष्ट आहे : तो शेवटचा उपाय आहे. साधा रिपीटर एकच शब्द आधी ऐकतो आणि मग पुन्हा उच्चारतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो आणि प्रत्येक फेरीत उशीर वाढतो. त्यातून लोक तो मागच्या खोलीतच लावतात, जिथे मुळात सिग्नल पोहोचत नाही. मग तो अर्धवट ऐकलेलेच पुढे सांगतो. रिपीटर ठेवायचाच असेल तर तो माजघरात, दोन्हींच्या मध्ये ठेवावा.

खरा उपाय केबलचा आहे. कॅट-५ई किंवा कॅट-६ प्रतीची, शुद्ध तांब्याची नेटवर्क केबल ओसरीतून मागच्या खोलीपर्यंत न्यावी. १०० मीटरपर्यंत ती निर्धास्त चालते आणि आपल्याला वीस-पंचवीस मीटरच पुरेल. तिच्या टोकाला जुना राउटर असेल तरी चालेल. त्याच्या सेटिंगमधील डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करावे, त्याचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा द्यावा आणि केबल 'वॅन'च्या नव्हे तर 'लॅन'च्या छिद्रात लावावी. दोन्ही वायफायचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवले की मोबाइल बहुतेक वेळा आपोआप जवळचा निवडतो. केबल आतून आढ्याच्या कडेने न्यावी. अंगणातून उघड्यावर नेली तर वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा दोन्ही टोकांची यंत्रे जळण्याचा धोका असतो.

प्रश्न : आमच्या गावात फायबर आलेले नाही. तालुक्याच्या टॉवरवरून शाळेच्या छतावरच्या अँटेनावर नेट येते. फेब्रुवारी ते मे महिन्यात २० एमबीपीएस मिळते आणि पिंग १० ते १५ असतो. जून संपता संपता वेग ३-४ वर येतो आणि पिंग कधी २० तर कधी ४०० असा उड्या मारतो. पाऊस नसलेल्या दिवशीही तसेच. दरवर्षी हेच घडते.
— शिक्षिका, एटापल्ली तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : बाई, आपल्या पत्रात टॉवर आणि शाळा यांच्यामध्ये काय आहे हे लिहिलेले नाही, पण महिने पाहून मी सांगू शकतो : तिथे सागवान असणार. उन्हाळ्यात सागाची पाने झडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर तो पुन्हा भरगच्च होतो. फेब्रुवारीत ज्या फांद्यांमधून लहरी मोकळ्या जात होत्या, त्याच जागी जुलैत थाळीएवढ्या, पाण्याने भरलेल्या पानांचा पडदा उभा राहतो. अशा जोडण्या बहुतेक ५ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात चालतात. या पट्ट्यात पावसाच्या सरींचा त्रास फारसा होत नाही. पानांतल्या पाण्याचा मात्र फार होतो. म्हणूनच कोरड्या दिवशीही आपला वेग परत येत नाही.

लाइनमन बहुधा म्हणेल की "टॉवर दिसतो ना, मग झाले." ते पुरेसे नाही. लहर दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही. मध्यावर फुगलेल्या लांबट काकडीसारखी जागा तिला लागते आणि त्या जागेला 'फ्रेनेल झोन' म्हणतात. टॉवर ४ किलोमीटरवर असेल आणि जोडणी ५.८ गिगाहर्ट्झची असेल, तर मध्यावर या काकडीची त्रिज्या सुमारे ७ मीटर भरते. तिच्यातील निदान ६० टक्के त्रिज्या, म्हणजे सरळ रेषेच्या भोवती चारही बाजूंनी सव्वाचार मीटर, मोकळी असली पाहिजे. नजरेला टॉवरचे टोक पानांच्या वरून जेमतेम दिसते, तेव्हा लहरीचा खालचा अर्धा भाग झाडांतच घुसलेला असतो.

पिंग उड्या का मारतो हेही यातच आहे. सिग्नल अशक्त झाला की दोन्ही टोकांचे रेडिओ हळू बोलू लागतात आणि जे पोहोचले नाही ते पुन्हा पुन्हा पाठवतात. फेरी पहिल्या खेपेला पोहोचली तर २०, पाचव्या-सहाव्या खेपेला पोहोचली तर ४००. लाइनमनला रेडिओच्या पानावरील सिग्नलचा आकडा विचारावा. तो उणे ५० ते उणे ६५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे माप) असेल तर उत्तम. उणे ७५ च्या पलीकडे गेला की असाच त्रास सुरू होतो. हा आकडा मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा लिहून ठेवला, तर वाद उरणार नाही.

उपाय म्हणजे उंची. छतावरचा खांब तीन-चार मीटरने वाढवून, ताण देणाऱ्या तारांनी घट्ट बांधून अँटेना पुन्हा नेमका टॉवरकडे रोखावा. वाऱ्याने तो दोन-चार अंशांनी फिरला तरी सिग्नल घसरतो. एखादी फांदी छाटावीशी वाटली तर आधी वनविभागाला विचारावे, झाड खासगी जागेत असले तरीही. त्याच फेरीत अँटेनाच्या बुडाशी लावलेली केबलची पिन काढून बघावी. तिच्यावर हिरवट गंज दिसला तर पाणी आत गेले आहे. पिन नवी बसवून केबलला खाली झुकलेला एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी त्या वळशावरून गळून पडते.

आणखी एक. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली आणि तीच पुढे भारतनेट या नावाने ओळखली गेली. आपल्या ग्रामपंचायतीपर्यंत ती तार आली आहे का आणि आली असल्यास चालू आहे का, हे ग्रामसेवकांना विचारून शाळेसाठी लेखी मागणी करावी. मुलांच्या शिक्षणासाठी सागाची पाने गळण्याची वाट पाहावी लागणे योग्य नाही.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बारा ते पाच आमचे नेट रांगत चालते. राउटर बंद करून चालू केला की दहा मिनिटे ठीक, मग पुन्हा तसेच. रात्री काही तक्रार नसते.
— किराणा दुकानदार, वरोरा तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : राउटर टिनाच्या छपराखाली, वर कुठेतरी टांगलेला आहे का ते बघावे. बहुतेक घरगुती राउटरांच्या माहितीपत्रकात ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात वापरावे असे लिहिलेले असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ ला टेकतो आणि टिनाखाली त्याहून वर जातो. राउटर तापला की त्याचे काम मंदावते किंवा तो अडखळू लागतो. बंद ठेवल्याने थोडा निवतो, म्हणून ती दहा मिनिटे मिळतात. तो खाली, कमरेएवढ्या उंचीवर, भिंतीपासून चार बोटे दूर आणि मोकळ्या हवेत ठेवावा.

मात्र गारव्यासाठी तो कूलरजवळ ठेवू नये. ही चूक मी अनेक घरांत पाहिली आहे. कूलर म्हणजे पाण्याने भरलेली आणि ओल्या वाळ्याने वेढलेली पत्र्याची पेटी. वायफायसाठी याहून वाईट आडोसा घरात दुसरा नसतो. शिवाय दमट वारा राउटरच्या आत जातो, आणि दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असतील तर कूलरची मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली जाते. गावात दुपारी कृषिपंप चालू असताना व्होल्टेज मुळातच कमी असेल, तर जुना अडॅप्टर १२ व्होल्ट पुरवू शकत नाही आणि राउटर मध्येच नव्याने सुरू होतो. त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा नवा अडॅप्टर घ्यावा. राउटरसाठी मिळणारा लहान डीसी यूपीएस बसवला तर लोडशेडिंगचीही सोय होते.

प्रश्न : आमच्याकडे फायबर आहे. वानरांची टोळी गावात येऊन गेली की नेट हमखास बिघडते, कधी पूर्ण बंद तर कधी नुसते संथ. बंद पडले तर लाल दिवा लागतो, पण संथ असताना सर्व दिवे हिरवे असतात. मग लाइनमन "लाइन ठीक आहे" म्हणून जातो.
— गृहिणी, चिखली तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : दिवा हिरवा असणे म्हणजे प्रकाश येतो आहे एवढेच, पुरेसा येतो की नाही हे दिवा सांगत नाही. वानर खांबावरून छतावर उतरताना केबलला लोंबकळते. काच तुटली तर लाल दिवा लागतो. केबल नुसती कोचात दुमडली किंवा पिन अर्धवट निसटली, तर प्रकाशाचा काही भाग बाहेर सांडतो आणि यंत्राला अशक्त उजेडात वाचावे लागते.

लाइनमनला 'पॉवर किती आहे' असे विचारावे. त्याच्याकडे पॉवर मीटर असते आणि आपल्या यंत्राच्या पानावरही 'आरएक्स पॉवर' हा आकडा असतो. घरगुती फायबरमध्ये तो साधारण उणे १५ ते उणे २५ डीबीएम असावा. नेहमीच्या यंत्रांची मर्यादा उणे २७ च्या आसपास संपते. यात ३ चा फरक म्हणजे प्रकाश निम्मा आणि १० चा फरक म्हणजे दहावा हिस्सा. नेट चांगले असतानाचा आकडा यंत्रावरच चिकटपट्टीवर लिहून ठेवावा. तो उणे २१ वरून उणे २८ वर गेलेला दिसला, तर लाइन ठीक नाही हे आपणही सांगू शकता. केबल भिंतीवर खिळ्याने वाकवलेली नको. तिचे वळण वाटीच्या काठाएवढे तरी गोल असावे. आणि पिन स्वतः काढून पुसू नये, तिच्या टोकावर बोट लागले तरी प्रकाश अडतो.

प्रश्न : मी बारावीत आहे. गेम खेळताना माझा पिंग ७५ च्या खाली येत नाही. मित्र म्हणतो की डीएनएस बदलला की २० होतो. खरे आहे का?
— विद्यार्थी, काटोल तालुका, जि. नागपूर

उत्तर : नाही. डीएनएस फक्त नावावरून पत्ता शोधून देतो. पत्ता सापडल्यावर खेळाच्या प्रवासात त्याचा काहीच भाग नसतो. तुझ्या गेमचा सर्व्हर सिंगापूरला आहे का, ते सेटिंगमध्ये बघ. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे १०० किलोमीटर जाऊन परत यायला एक मिलिसेकंद. चेन्नईमार्गे सिंगापूर तुझ्यापासून सुमारे चार हजार किलोमीटर आहे, म्हणून ४० मिलिसेकंद तर प्रकाशालाच लागतात; वाटेतली यंत्रे आणि तारांची वळणे धरून ७५ हा आकडा वावगा नाही. मुंबईचा सर्व्हर निवडायची सोय असेल तर तो निवड आणि केबल लावून खेळ. पिंग ७५ वर स्थिर राहिला तर हात त्याला सरावतो. त्रास होतो तो आकडा मध्येच ७५ चा ३०० झाला की, आणि त्याचा उपाय वर दारव्ह्याच्या उत्तरात दिला आहे.

प्रश्न : रोज रात्री आठ ते अकरा नेट रडते. केबलवाले "पुढूनच प्रॉब्लेम आहे" एवढेच सांगतात. आम्ही पैसे वेळेवर भरतो. सामान्य माणसाने दाद कोणाकडे मागावी?
— शेतकरी, रिसोड तालुका, जि. वाशिम

उत्तर : "पुढूनच प्रॉब्लेम आहे" हे वाक्य पुष्कळदा खरे असते. गावातील केबलवाला वरून ठरावीक क्षमता विकत घेतो आणि ती शंभर-दोनशे घरांत वाटतो. सगळे एकाच वेळी वापरत नाहीत या हिशेबावर हा व्यवसाय उभा आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण रात्री जेवणानंतर सगळेच वापरतात आणि ती क्षमता वाढवली नसेल तर तिसऱ्या टप्प्यावर रांग लागते. ती वाढवणे हे त्यांचे काम आहे, आपले नाही.

हे सिद्ध करायला एक वही पुरते. सात दिवस सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊ वाजता, संगणक केबलने जोडून आणि घरातील बाकी मोबाइलचे वायफाय बंद करून, डाउनलोड, अपलोड आणि पिंग असे तीन आकडे लिहावेत. रात्री नऊला विंडोजची 'ट्रेसर्ट' (इंग्रजी अक्षरांत टी-आर-ए-सी-ई-आर-टी) ही कमांड ८.८.८.८ वर चालवून पडद्याचा फोटोही घ्यावा. वाटेतील कोणत्या थांब्यापासून आकडे वाढतात आणि शेवटपर्यंत वाढलेलेच राहतात, ते त्यात दिसते. मधल्याच एका थांब्याचा आकडा मोठा आणि त्यापुढचे लहान असतील तर तिकडे दुर्लक्ष करावे. त्या यंत्राला उत्तर द्यायची घाई नसते, एवढाच त्याचा अर्थ. महिन्याची डेटा मर्यादा संपून वेग उतरलेला नाही ना, हेही आधी तपासावे. तसे असेल तर तो दिवसभर कमी राहतो, फक्त रात्री नाही.

त्यानंतर तोंडी बोलणे थांबवून कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक घ्यावा. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण; त्याच्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रारीला असा क्रमांक देणे कंपनीवर बंधनकारक आहे. तक्रार मुदतीत सुटली नाही किंवा उत्तर पटले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत विनामूल्य अपील करता येते. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्र लिहून आशेवर बसू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दूरसंचार सेवेविषयीचे गाऱ्हाणे ग्राहक आयोगापुढे नेता येते, हेही सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस वेग लागतो. रात्रीचा आपला आकडा त्याखाली जात असेल तर तक्रारीत ते ठळकपणे लिहावे.

शेजारच्या पाच-सहा घरांनाही अशीच वही ठेवायला सांगावे. एकाच आठवड्यात, एकाच वेळेला, सहा वह्यांत सारखाच आकडा कोसळलेला दिसला, तर दोष कोणाच्या घरातला नाही हे केबलवाल्यालाही मान्य करावे लागते. त्याच्या मनात क्षमता वाढवायची असेल, तर वरच्या कंपनीशी बोलायला त्यालाही त्याच वह्या लागतील. म्हणून एक प्रत त्यालाही द्यावी.